मोठीची वही

२०२० सालची गुरुपौर्णिमा रविवारी, ५ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी सोमवारी मी गुरुजी झालो. हौसेनं नाही. ऐन लावणीचे दिवस, मजूर मिळेना, आणि गुडघ्यांमुळं मला चिखलात उभं राहवत नव्हतं. घरातली सगळी माणसं खाचरात गेली. पडवीत उरलो मी आणि चार पोरं.

दोन नाती मुलाच्या, दोन नातू मुलीचे. मुलगी डोंबिवलीला दिलेली, ठाण्यात नर्स आहे. २ जुलैपासून कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागणार म्हटल्यावर जावयानं पोरं आमच्याकडं आणून सोडली. आमचं गाव कल्याण-मुरबाड रस्त्यानं रायत्याच्या पुढं, फाट्यावरून आत. शाळा मार्चपासून बंद होत्या. १५ जूनला अभ्यास मोबाईलवर सुरू झाला म्हणायचा, पण आमच्या घरात तसला मोबाईल एकच, मुलाचा. आणि रेंज मारुतीच्या देवळाच्या पायरीवर.

मोठी नात नववीत. मग पाचवीतला नातू, तिसरीतली नात आणि पाच वर्षांचा धाकटा. मला वाटलं, त्यात काय एवढं? आमच्या शाळेत एक गुरुजी चार वर्ग सांभाळायचे. एका रांगेला गणित, दुसरीला शुद्धलेखन, आणि पहिलीचे पाढे घ्यायला चौथीतला एखादा पोरगा. तसंच करू. सोमवारी कळलं की मला गुरुजींची नक्कल येते, अक्कल नाही. एकाशी बोलायला लागलो की तिघं पांगायची.

मंगळवारी घड्याळ लावलं. प्रत्येकाला अर्धा तास, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. पाचवीतल्याचं दहा मिनिटांत उरकलं आणि तो कोंबडीच्या मागं लागला. धाकट्याला अर्धा तास एका जागी बसवणं म्हणजे वासराला दाव्याशिवाय उभं करणं. तिसरीतलीचं हातच्यावर अडलं होतं, तिला आत्ता कुठं उमजायला लागलं तर तिचा वेळ संपला. भाकरी वाढताना आई काही सगळ्यांना सारखी वाढायची नाही, ज्याची त्याची भूक बघायची. मी मात्र दिवसभर घड्याळ बघत बसलो.

बुधवारी पाऊस धो धो. माळ्यावरची जुनी मापं काढली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. समोर भाताची पाटी ठेवली. धाकटा चिपटं भरून ओतायचा, तिसरीतली मोजायची, पाचवीतला लिहायचा. सोळा चिपटी झाली तेव्हा पायली शिगोशीग भरली आणि पाचवीतला म्हणाला, ‘‘म्हणजे चिपटं पायलीचं एक छेद सोळा!’’ अपूर्णांक त्याला डोंबिवलीत कधी कळला नव्हता. हे सगळं जमवलं मोठीनं. सांडलेलं भात गोळा केलं, धाकट्याचं नाक पुसलं, कोळशानं जमिनीवर अर्धा, पाव, अष्टमांश काढून दाखवले. मी म्हटलं, ‘‘तू तर शाळेतली बाईच झालीस गं.’’ ती हसली.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी तिच्यावर सोपवून चक्क बांधावर जाऊन बसलो. संध्याकाळी येतो तो पडवीत पाढे चाललेले. शनिवारी सगळ्यांच्या वह्या मागितल्या. पाचवीतल्याची सात पानं, तिसरीतलीची पाच, धाकट्यानंसुद्धा पानभर ग गवताचा काढलेला. मोठीच्या गणिताच्या वहीत सोमवारी वर ‘संच’ असं लिहून खाली रेघ मारलेली. पुढं कोरं. आठवडाभर ती देवळाच्या पायरीवर गेलीच नव्हती.

‘‘का गं?’’

‘‘यांचं घ्यायचं होतं ना, आबा.’’

तक्रार नव्हती, हीच गोष्ट लागली.

लोक म्हणतात शिकवलं की आपलंच पक्कं होतं. होतं, पण जे शिकवतो तेच. अर्धा-पाव घोटून नववीचे संच येत नाहीत. आणि मी स्वतःला विचारलं, मोठा नातू असता तर? त्याच्या हातात मोबाईल देऊन त्याला देवळाकडं पिटाळलं असतं. नाक पुसायला ठेवलं नसतं. तिनं खुशीनं केलं हे खरं, पण दुसरं करणारं कुणी नाही हे कळून केलेल्या कामाला खुशी कितपत म्हणायचं? मी तिला विचारलंच नव्हतं, फक्त शाबासकी दिली होती. शाबासकी फार स्वस्त पडते.

मला हे आधी कळायला हवं होतं. माझी अक्का सात वर्षांनी मोठी. मी तान्हा होतो तेव्हा आई मजुरीला जायची, अक्का मला कडेवर घेऊन शाळेत. मी रडायचो. पोर घेऊन येऊ नकोस म्हणून सांगितलं गेलं. काही दिवस ती शाळेबाहेर बसली, मग दुसरीत सुटली ती सुटलीच. मी १९७५ ला दहावी झालो, नव्या दहावीची ती पहिलीच बॅच. पेढे तिनंच वाटले. ती अजून अंगठा लावते.

त्याच काळात आमच्याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी यावर तोड काढली होती. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबादच्या टेकडीवर गेल्या. डहाणू तालुका २०१४ पर्यंत ठाण्यातच होता. त्यांनी पाहिलं की वारल्यांच्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंड असतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, विकासवाडी म्हणून. आणि जी पोरं गुरांमागं जायची त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. मुलीला दोष देण्याऐवजी तिच्या कडेवरचं ओझं कुणी घ्यायचं हे त्यांनी ठरवलं. आमच्याकडं ते कुणी ठरवलं नाही, म्हणून ते अक्काकडंच राहिलं.

मुरबाड तालुक्यात फांगण्याला ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरू लागली. साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडं नेसून, पाटी-दप्तर घेऊन बसायच्या. मी अक्काला म्हटलं होतं, ‘‘जायचं का बघायला?’’ ती म्हणाली, ‘‘बघायला कशाला? बसायला ने.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘मला शाळा आवडायची का, हे कधी इचारलंस?’’ मी तिला अजून नेलेलं नाही.

तर दुसऱ्या सोमवारी सकाळी मोबाईल पहिला मोठीला दिला. दोन तास तिचे, त्यात कुणी हाक मारायची नाही. मुलाला हे फारसं पटलं नाही, कारण इकडं बाकी तिघांचं नुकसान दिसायला लागलं. माझ्यानं तिच्यासारखं होत नाही. धाकटा त्या आठवड्यात ग विसरला. तिसरीतली हातच्यावर पुन्हा अडली, आणि त्याला मी जबाबदार आहे.

मोठी छत्री घेऊन निघाली तसा धाकटा ‘ताई, ताई’ करत अंगणात धावला. ती फाटकाशी थांबली. मी त्याला उचलून घेतलं, गुडघा करकरला, आणि तिला म्हटलं, ‘‘तू हो पुढं.’’