हसणाऱ्याचा कान

बालपणी ज्या विनोदावर आपण मनमुराद हसलो, तोच प्रौढपणी पाहताना हसू अर्ध्यावर अडते. या अडण्याचा अर्थ काय घ्यावयाचा? अभिरुची बदलली, हे उत्तर पुरेसे आहे, की त्या जुन्या हास्याचे उत्तरदायित्वही प्रौढाकडे येते? ‘जबान संभालके’ या हिंदी मालिकेचे काही भाग अलीकडे पुन्हा पाहताना हा प्रश्न मला टाळता आला नाही.

१९९३ साली दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका ‘माइंड युवर लँग्वेज’ (१९७७) या ब्रिटिश मालिकेवर बेतलेली होती. लंडनमधील इंग्रजीच्या वर्गाच्या जागी येथे हिंदीचा वर्ग आला. पंकज कपूर यांनी रंगविलेला शिक्षक आणि त्याच्यापुढे प्रांतोप्रांतीचे विद्यार्थी, अशी ही मांडणी. विनोदाचे मुख्य उगमस्थान एकच : प्रत्येकाची मातृभाषा त्याच्या हिंदीतून डोकावते.

भरताने हास्याच्या विभावांत व्यंगदर्शन आणि दोषोदाहरण यांची गणना केली आहे. परंतु दोष ठरावयाचा तर आधी प्रमाण गृहीत धरावे लागते. या मालिकेत ते प्रमाण शिक्षकाची हिंदी होय. उच्चार सर्वांचे हास्यास्पद ठरतात, प्रमाण मात्र नाही. हास्य हे समूहाचे शिस्त लावण्याचे साधन आहे आणि त्यासाठी सहानुभूती क्षणभर बधिर व्हावी लागते, हे बर्गसाँचे १९०० सालचे प्रतिपादन येथे तंतोतंत लागू पडते.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच रस्त्यावर ऐकू येतात. त्यामुळे पडद्यावरचा तो वर्ग आमच्या शाळेत प्रत्यक्षच भरत असे. शहराच्या पूर्व भागातील एका पद्मशाली विणकर कुटुंबातला माझा मित्र आमच्याकडे ही मालिका पाहावयास येई आणि आमच्याइतकाच हसे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याच्या मराठीची नक्कल करी. ‘ती’ आणि ‘ते’ यांत तो गल्लत करीत असे. तेलुगूत एकवचनी स्त्रीवाचक आणि अचेतन कर्त्यांना क्रियापदाचे एकच रूप लागते, हे मला पुष्कळ पुढे भाषाविज्ञान शिकताना कळले. मी ज्याला दोष समजत होतो, ती एका निराळ्या व्याकरणाची सुसंगती होती. तोवर तो वर्गात बोलेनासा झाला होता. उत्तर येत असूनही हात वर करीत नसे.

मालिका सर्वांनाच सारखी हसते, हा तिचा नेहमीचा बचाव होय. त्या वर्गात विजू खोटे यांनी केलेला मराठी विद्यार्थीही होता, आणि त्याला हसताना आम्हांला काहीच बोचले नाही, हे खरे. परंतु पडद्यावर हसले गेलेले आम्ही शाळेत बहुसंख्य होतो. हास्य समान वाटले गेले, तरी त्याची किंमत समान पडली नाही.

मग त्या बारा वर्षांच्या मुलाला अपराधी ठरवावयाचे काय? मला तसे वाटत नाही. ज्या कानाने तो हसला, तो कान उसना होता. त्याची स्वतःची सोलापुरी मराठीदेखील पुण्यात हास्यविषय होत असे. दुसऱ्याच्या बोलीला हसून तो प्रमाणाच्या गोटात शिरू पाहत होता. परंतु अपराध आणि उत्तरदायित्व या एकच गोष्टी नव्हेत. अज्ञानामुळे अपराध सौम्य होतो. ज्ञान झाल्यावरचे उत्तरदायित्व मात्र सौम्य होत नाही. मालिकेवर बंदी मागून किंवा तिला ‘निरागस काळाची’ ठरवून ते फिटत नाही, कारण दोन्ही मार्गांनी आपण स्वतःला वगळतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे शेजारभाषांची वाक्यरचना एकमेकींच्या किती निकट आली आहे, हे गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली दाखविले. तेथे ‘चूक’ हीच पिढ्यान्‌पिढ्या शेजाराची रीत झाली. हे मी वर्गात शिकवितो. मात्र त्याच दिवशी उत्तरपत्रिका तपासताना घरी तेलुगू बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या लिंगवचनाखाली लाल रेघ ओढतो. प्रमाणलेखन शिकविणे माझे कर्तव्य आहे, तेव्हा रेघ टाळता येत नाही. पण ती ओढताना ओठांवर जे पुसट हसू येते, ते १९९३ चेच आहे. मालिका पुन्हा पाहिल्याने मला कळले ते इतकेच.