गणित राहिले, पुढे काय?

दहावीच्या निकालानंतरच्या रविवारी, ज्याचे गणित राहिले तो मुलगा उपासनेस येत नाही. १०० पैकी ३५ हवे होते, ३१ पडले. एवढ्याने तो टाकाऊ ठरतो काय? महाराष्ट्रात पुरवणी परीक्षा आहे. एकदोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीस प्रवेश मिळतो. आयटीआयत वेल्डर, सुतार हे व्यवसाय आठवी उत्तीर्णासही खुले आहेत. परंतु वाट पुष्कळदा वडील निवडतात, आणि तीही शेजाऱ्यांच्या धाकाने! दहावीवाचून पुष्कळ नोकऱ्या अडतात, ही त्यांची काळजी खरी. मात्र वेल्डिंग शिकणाऱ्यालाही राहिलेला पेपर पुन्हा देता येतो. मग मुलाच्या आयुष्याचा निर्णय आपल्या लाजेवर सोपवणे न्यायाचे आहे काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, त्याच्या घरी जाल तेव्हा गुणपत्रिका मागू नका. त्याला काय शिकावेसे वाटते, ते वडिलांसमक्ष विचारा.