नदीची नक्कल

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये खळाळत्या पाण्यातील होड्यांच्या शर्यतीला प्रथमच जागा मिळाली. वर टांगलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून होडी न्यायची. काठीला स्पर्श झाला की वेळेत दंडाची भर. त्यासाठी आउग्सबुर्गला नदीचे पाणी सिमेंटच्या पाटात घेतले होते. पूर्व जर्मनीने त्या पाटाची नक्कल आपल्या त्स्विकाऊ शहरी बांधली, तिच्यावर सराव केला आणि चारही सुवर्णपदके नेली.

ही लबाडी की अभ्यास? मी शाळामास्तर. ‘हे प्रश्न नक्की येतील,’ असे परीक्षेआधी मीही वर्गात सांगितले आहे. ते आले; मुले उत्तीर्ण झाली. नियम मी मोडला नव्हता, तरी त्या निकालाचे पेढे मला गोड लागले नाहीत. त्या वल्हेकऱ्यांनीही नियम मोडला नव्हता. घाम त्यांचाच होता.

मग सल कसली? मला वाटते, दोष नक्कल करणाऱ्याचा नव्हेच. रानातली नदी रोज नवा प्रश्न घालते. तिला सिमेंटमध्ये बसवली, त्याच दिवशी प्रश्नपत्रिका भिंतीवर लागली.

आणि मी? वर्षानुवर्षे तेच प्रश्न काढतो, अन् घोकंपट्टी करतात म्हणून मुलांवर रागावतो.