उसना गळा

दुसऱ्याची चाल घेणें आणि दुसऱ्याचा गळा घेणें या गोष्टी एक नव्हेत. सॅम्पलिंगचा नैतिक प्रश्न मुख्यतः या भेदांत सांठविलेला आहे, असें आम्हांस वाटतें. किर्लोस्करांनीं 'सौभद्रा'च्या (१८८२) पदांसाठीं लोकांच्या ओठीं असलेल्या चाली घेतल्या. परंतु पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा निर्देश छापण्याचा त्या नाटकांचा रिवाजच होता. शिवाय ती चाल रंगभूमीवर उभी राही ती नटाच्या स्वतःच्या दमसासावर. सॅम्पलिंगमध्यें जुन्या ध्वनिमुद्रिकेंतून दुसऱ्याच्या गायनाचा वा वादनाचा तुकडाच कापून घेतात, आणि तो आपल्या रचनेंत पुनःपुन्हा फिरवीत ठेवतात. विद्यार्थ्यांस आम्ही बजावतों कीं, परकें वाक्य खुशाल घ्या, पण अवतरणचिन्हांत घ्या. ध्वनीला असें चिन्ह नाहीं, ही खरी अडचण आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंतील 'विन्स्टन्स' नांवाच्या वाद्यवृंदानें 'आमेन, ब्रदर' ही मुद्रिका काढली. तींत ग्रेगरी कोलमन याचा केवळ ड्रमचा, चार आवर्तनांचा एक तुकडा आहे; सारा मिळून सहा-सात सेकंदांचा. तो पुढें हजारों गाण्यांत शिरला. इंग्लंडांतील 'जंगल' हा संगीतप्रकार तर बव्हंशीं त्याच्याच पायावर उभा राहिला. कोलमन २००६ मध्यें निराधार स्थितींत वारला. २०१५ मध्यें चाहत्यांनीं सुमारें २४,००० पौंड जमविले, ते वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यास मिळाले. ज्याच्या हातांनीं तो ठेका वाजला, तो त्यापूर्वीं नऊ वर्षें गेलेला होता.

परवानगीवांचून घेऊं नये एवढा नियम केला कीं झालें, असें कोणी म्हणेल. १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें बायबलांतील आज्ञेचा दाखला देऊन अशा उचलीस चोरी ठरविलें, आणि परवानगीचें मोल चढत गेलें. ब्राँक्समधील ज्या निष्कांचन पोरांनीं जुन्या तबकड्या फिरवून ही कला जन्मास घातली, त्यांच्यासारख्यांस ती महाग झाली. बरें, हें मोल पडतें कोणाच्या पदरीं? बहुधा हक्कदार कंपनीच्या. २००२ च्या 'ॲडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यांत 'ज्योति' (१९८१) चित्रपटांतील लता मंगेशकरांचा आवाज विनापरवाना घेतला गेला. पुढील वर्षीं तेथील न्यायालयानें, बप्पी लाहिरींचें नांव दिल्यावांचून तबकडी विकूं नये, असा हुकूम केला. संगीतकाराचें नांव राहावें हें रास्तच. पण श्रोत्याला जागच्या जागीं थांबविणारा तो गळा लाहिरींचा नव्हता.

ही उचल मुळींच बंद व्हावी, असें आमचें म्हणणें नाहीं. जुन्या तुकड्यांतून नवें घडविणें हीहि निर्मितीच आहे. परंतु घेणारानें प्रथम शोध घ्यावा तो मालकाचा नव्हे, गाणाराचा व वाजविणाराचा. त्याचें नांव द्यावें आणि मिळकतींत वांटा द्यावा. भारतांत २०१२ च्या दुरुस्तीनें कलावंतास आपल्या सादरीकरणाच्या व्यापारी उपयोगांत वांटा मिळण्याचा हक्क दिला आहे. तथापि ठोक मजुरीवर वाजवून गेलेल्या सारंगियाचें वा तबलजीचें नांव पुष्कळ जुन्या तबकड्यांवर छापलेलेंच नाहीं. त्याचा वांटा कोणी द्यावयाचा म्हटलें, तरी तो कोणाच्या पत्त्यावर धाडावयाचा?