अक्षयनीवी आणि चटईक्षेत्र

जुन्नरच्या उत्तरेस, कुकडीच्या पलीकडे, लेण्याद्रीच्या डोंगरात जी तीसएक लेणी दक्षिणाभिमुख ओळीने कोरलेली आहेत त्यांपैकी सातवे म्हणजे अष्टविनायकांतील गिरिजात्मजाचे देऊळ, हे चतुर्थीस पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या प्रत्येक भाविकास ठाऊक असते. परंतु ज्या प्रशस्त, निःस्तंभ दालनात तो हात जोडून उभा राहतो ते मुळात बौद्ध भिक्षूंचे विहारगृह होते, त्याच्या तीन बाजूंस वीस कोठड्या आहेत, आणि मागील भिंतीतल्या सहा कोठड्यांपैकी मधल्या दोहोंची पुढे एक करून तेथे गजाननाची स्थापना झाली, इकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. उजव्याडाव्या कोठड्या अजून तशाच आहेत. भिक्षूने पाठ टेकावी असे दगडी ओटेही काहींत शाबूत आहेत. आणि मधोमध मात्र शेंदराने माखलेली मूर्ती. आजच्या नगररचनेच्या परिभाषेत बोलायचे तर हा वापरबदल झाला, आणि तोही मूळ दात्यांची संमती न घेता.

पुरातन वास्तूचा वापर पालटणे हा अधर्म आहे काय, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देणारांनी एकदा हे सातवे लेणे पाहावे असे मला वाटते. बौद्ध मताने पाहिले तर तक्रारीस जागाच राहत नाही, कारण नागसेनाने मिलिंद राजाला रथाच्या निमित्ताने जे समजावले ते लेण्यासही लागू आहे : चाके, आस, जू यांपलीकडे रथ नावाची निराळी वस्तू नाही, तसे कोठडी, ओटा, छत यांपलीकडे ‘मूळचे लेणे’ असे काही अविनाशी तत्त्व दगडात दडून बसलेले नाही. गणेशभक्तांच्या दृष्टीने तर गिरिजेने येथेच तप केले, तेव्हा देव येथे आधीचाच. दोन्ही पक्षांनी वास्तूच्या रूपाला फारसे महत्त्व दिलेले नाही. आगमशास्त्रही याबाबतीत तितकेच निर्लेप आहे. जीर्णोद्धार करावयाचा झाल्यास देवतेची कला कुंभातील जलात आकर्षून घ्यावी, बालालयात तिची तात्पुरती सोय करावी आणि मगच जुन्या दगडास हात लावावा, एवढाच त्याचा आग्रह. (देवाच्या तात्पुरत्या निवाऱ्याची ही तजवीज पाहिली की पुण्यातल्या कित्येक वाड्यांच्या भाडेकऱ्यांना हेवा वाटेल.)

मग दोष लागतो तो कशाने? याचे उत्तर मला शिलालेखांत सापडते. सातवाहन-क्षत्रप काळात जुन्नर ही नाणेघाटाच्या वाटेवरची भरभराटीची बाजारपेठ होती आणि तिची लेणी व्यापाराच्या पैशावर उभी राहिली. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका सराफाच्या मुलाचे, सुलसदत्ताचे, दान; जुन्नरच्याच लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले; चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप बांधविला; आणि नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने टाके व मंडप अर्पण केला. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेविल्याचे उल्लेखही येथे आहेत. निवास, उपासना, व्यापार आणि सावकारी हे सारे एकाच डोंगरउतारावर सुखेनैव नांदत होते.

या ठेवींची रीत नहपानाचाच जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखात स्वच्छ लिहिलेली आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने ठेविले. ते परत मागावयाचे नाहीत, केवळ व्याज वापरावयाचे. वर्षाचे व्याज 240, वर्षावासास राहणारे भिक्षू 20, प्रत्येकास वस्त्रासाठी 12. मुद्दल पुढच्या पावसाळ्यास जसेच्या तसे. हिला अक्षयनीवी म्हणत, आणि माझ्या मते पुनर्विकासाचा धर्मविचार याच हिशेबात सामावलेला आहे.

मुंबईच्या भेंडीबाजारात 2009 पासून चाललेले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दाऊदी बोहरा समाजाचे बावन्नावे दाई सैयदना मुहम्मद बुरहानुद्दीन यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या सैफी बुरहानी ट्रस्टने साडेसोळा एकरांवरील सुमारे 250 जुनाट इमारती, 3200 कुटुंबे आणि 1250 दुकाने यांचा एकत्रित पुनर्विकास हाती घेतला. शेजारीच रौजत ताहेरा ही कबर, जिच्या आतील संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुराण सुवर्णाक्षरांत कोरले आहे. जिने कुजलेले, संडास सामाईक, पागडीच्या खोलीत तीन पिढ्या दाटलेल्या. अशा ठिकाणी वारशाचे गोडवे गाणाऱ्याने आधी त्या जिन्याने एकदा वर चढून जावे. भाडेकऱ्यास मालकीचे घर विनामूल्य मिळते हे पुण्यकर्मच आहे, आणि धर्मगुरूच्या शब्दावर समाजाने ते पेलले याबद्दल मला आदर आहे.

तथापि अशा कोणत्याही योजनेत, ती धर्मादाय असो वा निखळ धंद्याची, विनामूल्य घराचा खर्च निघतो तो वाढीव चटईक्षेत्र विकून. हे चटईक्षेत्र म्हणजे जागेचे मुद्दल. ते एकदाच विकता येते. चाळ पाडून मनोरा बांधता येतो. सत्तर-ऐंशी वर्षांनी तो मनोरा जीर्ण झाल्यावर त्याच्या जागी काय विकावयाचे? त्या वेळी मालक एक नसून हजारो असतील, प्रत्येकाच्या हाती दस्तऐवज असेल, आणि सामाईक गंगाजळी मात्र कोणाकडेच नसेल. आपण आज जे वाटतो ते व्याज असल्याच्या समजुतीने वाटतो, प्रत्यक्षात वाटप मुद्दलाचे चालले आहे, आणि ज्या वारसांचे ते आहे ते अजून जन्मलेले नाहीत म्हणून हरकत घेण्यास येत नाहीत.

यावर असे म्हणता येईल की अक्षयनीवी तरी कोठे अक्षय राहिली? श्रेणी मोडल्या, व्याज बुडाले, भिक्षू गेले. शाश्वतीची सनद देणारी राज्येच लयास गेली. हा आक्षेप मला खोडता येत नाही. पण सातव्या लेण्यात जे घडले ते मुद्दल शिल्लक होते म्हणूनच घडले, हेही तितकेच खरे. दालन कोणी विकले नव्हते, कोठड्यांची खातेफोड झाली नव्हती. म्हणून शतकानुशतकांनंतर आलेल्या, दात्यांना स्वप्नातही न दिसलेल्या लोकांना तेथे आपला देव बसविता आला.

तेव्हा मागणी एवढीच, आणि ती पुण्याच्या पेठांतील वाड्यांसही लागू पडावी. पेशवाईत नारो अप्पाजींनी बांधलेल्या तुळशीबागेतल्या रामाच्या देवळाभोवती बाजार वाढला व रामाला त्याची अडचण झाली नाही. दुकाने असण्यास हरकत नाही. परंतु तळमजल्यावरील दुकानांपैकी काही गाळे न विकता रहिवाशांच्या सामाईक नावे राहावेत, ते गहाण वा विक्रीस अपात्र ठरावेत आणि त्यांचे भाडे फक्त इमारतीच्या देखभालीस व पुढच्या बांधणीस लागावे, असे कलम करारनाम्यात घालावे. विकासक म्हणतील की हिशेब बसत नाही, आणि काही रहिवासीही, आणखी पन्नास चौरस फूट मिळत असतील तर, त्यांचीच री ओढतील.