गांधारीचा आशीर्वाद

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाने सोबत्याचे डोके फोडले. मी त्याच्या आईला बोलावून घेतले आणि सर्वांदेखत विचारले, "घरी मुलाला काही वळण लावता की नाही?" ती माउली एक शब्द बोलली नाही, पदराने डोळे टिपून निघून गेली. तेव्हा मला मोठे कर्तव्य केल्यासारखे वाटले होते. आज त्या प्रश्नाची लाज वाटते. ती का, हे सांगण्यासाठी वाचकांना थोडे दूर न्यावे लागेल.

आयशा अल-वाफी ही मूळची मोरोक्कोची स्त्री. चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले. पुढे फ्रान्समध्ये मारकुट्या नवऱ्याला सोडून तिने मुले एकटीने वाढवली. त्यांतला झकारिया शिकायला लंडनला गेला आणि धर्माच्या नावाने द्वेष शिकवणाऱ्यांच्या हाती सापडला. ऑगस्ट २००१ मध्ये त्याला अमेरिकेत अटक झाली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळून हजारो माणसे मेली आणि त्या कटाचा आरोप त्याच्यावर आला.

२००२ साली आयशाबाई अमेरिकेस गेल्या आणि त्या हल्ल्यात आप्त गमावलेल्या काहींना भेटल्या. त्यांत फिलिस रॉड्रिग्ज होत्या. त्यांचा ३१ वर्षांचा ग्रेग त्याच मनोऱ्यांत मेला होता. आपला मुलगा दोषी आहे की निर्दोष, हे ठाऊक नाही. पण तुमच्यावर जे ओढवले त्याबद्दल मी क्षमा मागते, आणि गुन्हा असेल तर न्यायाने शिक्षा व्हावी, अशा अर्थाचे आयशाबाई बोलल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. २००६ साली झकारियाला फाशी द्यायची की जन्मठेप, हा प्रश्न न्यायालयात आला, तेव्हा फिलिसबाईंच्या पतींनी बचावपक्षातर्फे साक्ष दिली. शिक्षा झाली ती जन्मठेपेची.

अशा आईपुढे दोन सोप्या वाटा असतात. "माझा बाळ असे करणारच नाही," ही एक. "तो मला मेला," ही दुसरी. दोहोंतही मनाला लवकर विसावा मिळतो. आयशाबाईंनी यांपैकी एकही वाट धरली नाही. मुलगा आपला म्हटला आणि दुसरीच्या मुलाचा शोकही आपला म्हटला.

कोणी म्हणेल, अपराध्याला माया लावणे हा मेलेल्यांचा अपमान नव्हे काय? मलाही तसे वाटे. पण आपल्याच घरची गांधारी आठवून पाहा. युद्धाला निघालेला दुर्योधन जयाचा आशीर्वाद मागत होता. तिने तो दिला नाही. जय धर्माच्या बाजूने असेल, एवढेच ती सांगत राहिली. आणि तो पडल्यावर रणभूमीवर त्याच्यासाठी तिनेच आक्रोश केला. माया देणे वेगळे आणि आशीर्वाद देणे वेगळे. आईला पहिले आवरता येत नाही. दुसरे मात्र तिच्या हाती असते.

द्वेषाचे गुरू कोणा एका धर्माची मिरास नाहीत. पोराला घरापासून तोडल्याशिवाय मात्र त्यांचे काम होत नाही. म्हणूनच बर्लिनमध्ये अशा आईबापांना आधार देणारी एक संस्था त्यांना मुलाशी बोलणे तोडू नका, असे सांगते. तिचे नाव 'हयात'. हा शब्द मराठीलाही परका नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलाला ओवाळताना आपण 'औक्षवंत हो' म्हणतो. ते कोणत्याही आईने कोणत्याही मुलाला म्हणावे. 'विजयी हो' म्हणण्यापूर्वी मात्र तो कशासाठी निघाला आहे, हे विचारावे.

माझ्या शाळेतली ती आई पुन्हा भेटली नाही. भेटली तर तिला बसायला सांगेन, आणि आधी एवढेच विचारीन, "बाई, तुम्ही कशा आहात?"