सेनापतीची कैफियत

सप्टेंबर 1986 मध्ये पिंपरीत एक मोटारसायकल ट्रकवर आदळली आणि त्या किरकोळ अपघातातून पोलिसांच्या हाती जो इसम लागला, तो माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या हत्येतील आरोपी निघाला. 10 ऑगस्टला पुण्यात, बाजारातून पत्नीसह परतताना, स्वतः मोटार चालवीत असलेल्या जनरलसाहेबांवर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. 1992 साली फाशी गेलेल्या दोघा मारेकऱ्यांच्या जीवनावर 2015 मध्ये पंजाबी चित्रपट निघाला व भारतात त्यास मनाई झाली. परंतु ज्यांचा बळी गेला त्या सेनापतींचे चरित्र पडद्यावर यावयाचे, तर ते कोणत्या दृष्टीने यावे, याचा विचार मनाई हुकुमाने होत नाही.

1965 साली डेक्कन हॉर्सचे नेतृत्व करीत असल उत्तर येथे शत्रूच्या पॅटन रणगाड्यांना ज्यांनी रोखले, 1971 साली शकरगड आघाडीवर ज्यांनी आपली चिलखती ब्रिगेड सुरुंगपेरल्या भूमीतून पार नेली आणि दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळविले, तेच वैद्य जून 1984 मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात फौज शिरली तेव्हा लष्करप्रमुख होते, आणि त्याचाच सूड म्हणून त्यांची हत्या झाली. हुकूम मुलकी सत्तेचा होता, आणि सेनेने तो मानावा यातच लोकराज्याचे अस्तित्व आहे. तथापि अकाल तख्ताची वास्तू उद्ध्वस्त झाली, गुरू अर्जुनदेवांच्या शहीदी पर्वासाठी आलेले निरपराध यात्रेकरू प्राणास मुकले, आणि हुकूम दुसऱ्याचा असला तरी त्याची अंमलबजावणी कशी झाली याचे उत्तरदायित्व सेनापतीकडून सर्वस्वी निघून जात नाही.

ज्या अमेरिकन सेनापतीचे नाव त्या रणगाड्यांना दिलेले होते, त्या पॅटनवरील 1970 च्या चित्रपटाने त्याचे रणकौशल्य रंगविताना, सिसिलीतील रुग्णालयात मनाने खचलेल्या सैनिकास त्याने मारलेली थप्पडही झाकली नाही, आणि तरीही त्याचे मोठेपण उणावले नाही. वैद्यांच्या चित्रपटाकडून माझी हीच अपेक्षा आहे. असल उत्तर दाखवून अमृतसर वगळणे ही भाटगिरी होईल, अमृतसर दाखवून असल उत्तर वगळणे हा सूड होईल. आणि दोन्ही दाखवूनही ज्या यात्रेकरूंच्या घरी त्या जूनमध्ये कोणी परतले नाही, त्यांच्या शोकाला जागा न देणे हा अन्याय होईल. शूराचा गौरव आणि त्याच्या कृत्याची चिकित्सा एकाच वेळी सहन करण्याइतका समाज प्रौढ झाला, तरच त्याला आपल्या सेनापतींची चरित्रे सांगण्याचा खरा अधिकार प्राप्त होतो.